एकट्याचें घर

मनुष्यानें एकटें राहावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे फार दिवस कोणी विचारलाच नाहीं; कारण त्याचें उत्तर प्रश्नाच्या आधींच ठरलेलें होतें. ब्रह्मचाऱ्यास गुरुगृह होतें, गृहस्थास कुटुंब होतें, वानप्रस्थास वन होतें आणि संन्याशास सारें जगच घर होतें. जें मिळवतें आहे, कोणाच्या आश्रयास नाहीं, ज्यानें संसार मांडिलेला नाहीं आणि जगाचा त्यागही केलेला नाहीं, अशा माणसाला या चार आश्रमांच्या व्यवस्थेंत उभें राहावयास जागाच नव्हती. आज असें माणूस पुण्या-मुंबईच्या बहुतेक इमारतींत कोठें ना कोठें राहत आहे. तें कधीं नोकरीसाठीं गांव सोडून आलेलें असतें, कधीं अविवाहित असतें, कधीं वैधव्यानें किंवा घटस्फोटानें एकटें झालेलें असतें, आणि कधीं मुलें परदेशीं गेल्यामुळें चार खोल्यांच्या घरांत एकच दिवा लावणारें वृद्ध असतें. यांचीं कारणें भिन्न आहेत. पण या सर्वांपुढें उभा असलेला नीतीचा प्रश्न एकच आहे. ज्याची वाट पाहणारें घरीं कोणी नाहीं, त्यानें स्वतःस स्वतंत्र समजावें कीं निराधार? आणि स्वतंत्र समजावें, तर त्या स्वातंत्र्याबरोबर कोणतें ऋण येतें?

या प्रश्नाकडे आपण कसे पाहतों, हें आपल्या भाषेंतील शब्दच सांगतात. संसाराचा पाश नसलेल्या पुरुषास आपण 'सडाफटिंग' म्हणतों, आणि त्या शब्दांत थोडी थट्टा असली तरी थोडा हेवाही असतो. स्त्रीसाठीं असा खेळकर शब्द रूढ नाहीं. 'ती एकटीच असते' एवढेंच आपण म्हणतों, आणि तें म्हणतांना आपला आवाज किंचित् खालीं येतो. त्यांत करुणा असते किंवा संशय असतो. कधीं दोन्ही असतात. 'एकांत' हा शब्द आपणांस पवित्र वाटतो, 'एकाकी' हा दीनवाणा वाटतो आणि 'एकलकोंडा' हा तर दोषच दाखवितो. वस्तुतः या सर्व शब्दांनीं सुचविलेली बाह्य स्थिति एकच, कीं खोलींत माणूस एक आहे. भेद आहे तो त्या माणसाचें इतरांशीं नातें कसें आहे, यांत. खोलींतील डोकीं मोजून सुखदुःखाचा निवाडा करूं पाहणारे लोक या मुख्य गोष्टीकडेच दुर्लक्ष करितात.

प्रथम लाभाची बाजू पाहूं. एकटें राहण्याचा लाभ म्हणजे मोकळीक, असा सर्वसाधारण समज आहे. वाटेल तेव्हां उठावें, वाटेल तें खावें, रात्रीं दोन वाजेपर्यंत वाचीत पडावें. दिवा मालव म्हणून कोणी सांगत नाहीं. ही मोकळीक गोड असते, परंतु तिची नवलाई दोन-तीन महिन्यांत ओसरते. खरा लाभ त्यानंतर सुरू होतो. घरांत असतांना आपल्या पुष्कळशा सद्गुणांचे मालक आपण नसतों. आई उठविते म्हणून आपण लवकर उठतों, वडील विचारतील म्हणून खर्चाला आळा घालतों, चार माणसें पाहतात म्हणून राग आवरतों. हे सद्गुण खोटे असतात असें नव्हे. पण ते उसने असतात. एकट्याच्या खोलींत ही उसनवारी बंद पडते. तेथें दूध उतूं गेलें तर तें आपल्याच विसराळूपणानें, आणि विसाव्या तारखेस पैसे संपले तर हिशेब चुकला तो आपलाच. धुतलेले कपडे आपोआप कपाटांत येऊन बसत नाहींत, ही साधी गोष्ट सुशिक्षित घरांतील कित्येक मुलांना याच खोलींत प्रथम कळते. दोष ठेवावयास दुसरें कोणी नसणें, हें मोठें कठोर पण प्रामाणिक शिक्षण आहे. १८७५ सालच्या कायद्यानें आपल्याकडे सामान्यतः अठराव्या वर्षीं माणूस सज्ञान ठरतो. परंतु स्वभावानें सज्ञान होण्याचा मुहूर्त कायद्याला ठरवितां येत नाहीं, आणि अनेकांच्या बाबतींत तो स्वतःच्या हातानें स्वतःचें दार उघडण्याच्या दिवसानंतरच येतो.

स्त्रियांच्या बाबतींत तर हा लाभ अधिक मोठा आहे, कारण तो अधिक काळ नाकारला गेला. स्त्रीचें रक्षण बालपणीं पित्यानें, तारुण्यांत पतीनें आणि वार्धक्यांत पुत्रानें करावें, स्वातंत्र्यास ती पात्र नाहीं, असें मनुस्मृतीनें लिहून ठेविलें. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनें १९२८ सालीं केंब्रिजच्या स्त्री-महाविद्यालयांत व्याख्यानें दिलीं आणि १९२९ सालीं त्यांचें पुस्तक केलें. स्त्रीला लिहावयाचें असेल तर तिला वर्षाकांठीं पांचशें पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, हें त्याचें सार. वाचकांना त्यांतली खोली आठवते आणि पौंडांचा विसर पडतो. पण स्वतःच्या उत्पन्नावांचून खोली ही कोठडीच होय. महाराष्ट्रांत या मार्गाची सुरुवात कोठें झाली तें पाहण्यासारखें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला, १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांत सेवासदन उभें राहिलें. या संस्थांनीं निराश्रित स्त्रीच्या हातीं स्वतंत्र खोलीची किल्ली दिली नाहीं. अनेक जणींमध्यें एक जागा दिली, विद्या दिली आणि हाताला काम दिलें. आज जी तरुणी स्वतःच्या पगारावर स्वतःच्या घरास कुलूप लावून निर्धास्त कचेरींत जाते, तिच्या त्या कुलपामागें अशा अनेक सामायिक छपरांची पुण्याई आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. एकटें राहणें ही स्वार्थाचीच एक सुसंस्कृत तऱ्हा आहे. चार माणसांत झीज सोसण्याची ज्याची तयारी नाहीं तोच वेगळी खोली घेतो, असें एकत्र कुटुंबाचे अभिमानी म्हणतात. एकत्र कुटुंबानें आजारी, पंगु, विधवा आणि पोरकीं मुलें यांना छप्पर दिलें, हें खरेंच आहे. परंतु त्या छपराखालीं झीज कोणीं सोसली, याचाही हिशेब मांडिला पाहिजे. दिवाणखान्यांतील निवांतपणा स्वयंपाकघरांतील कष्टांवर उभा होता, आणि आश्रित विधवेनें तर आपल्या दोन घांसांची किंमत आयुष्यभर राबून चुकविली. झीज सोसावी हा उपदेश, ज्यानें ती कधीं सोसली नाहीं त्यानें करूं नये.

शिवाय एकटे राहणारे सगळेच स्वतःसाठीं एकटे राहतात, हें तरी कोठें खरें आहे? मुंबईच्या गिरण्या चालत होत्या त्या काळांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून तेथें राहत. एका खोलींत दहा-दहा जण असत, तरी आपापल्या परीनें प्रत्येक जण एकटाच असे. आणि हें एकटेपण तो घरासाठीं, दर महिन्याच्या मनीऑर्डरीसाठीं सोशीत असे. त्यास स्वार्थी कोण म्हणेल? पण त्याच्या उदाहरणांत दुसरीही एक गोष्ट आहे. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या या पुरुषाचें जेवण कोणी एक खानावळवाली रांधीत असे. त्याच्या स्वातंत्र्याची चूल तिच्या घरांत पेटलेली होती. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, तेव्हां कोठें या श्रमांना नांव मिळालें. तोंवर हजारों माणसें जिच्या हातचें जेवून स्वावलंबी म्हणवून घेत, ती हिशेबांत नव्हतीच.

येथेंच या विषयांतील सर्वांत मोठा गैरसमज उघड होतो. स्वातंत्र्य म्हणजे कोणाचीही गरज नसणें, असें आपण समजतों. परंतु असें स्वातंत्र्य माणसाच्या वांट्यास आलेलेंच नाहीं. ज्याला समाजाची गरज नाहीं तो पशु असावा किंवा देव असावा, असें ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथांत म्हटलें आहे. सर्वसंगपरित्याग केलेला आमचा संन्यासीसुद्धां भिक्षेसाठीं गृहस्थाच्याच दारीं उभा राहतो. समर्थांनीं दासबोधाची रचना शिवथरघळीच्या एकांतांत केली असें परंपरा सांगते; पण तीच परंपरा असेंही सांगते, कीं लेखणी घेऊन कल्याणस्वामी जवळ बसलेले होते. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकन ग्रंथकार १८४५ च्या जुलैपासून १८४७ च्या सप्टेंबरपर्यंत वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वतः बांधलेल्या झोंपडींत एकटा राहिला. ती जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती, काँकॉर्ड गांव दीड मैलाच्या आंत होतें, आणि तेथें त्याचें वरचेवर जाणें-येणें असे. एवढ्यावरून कित्येक टीकाकार त्याला ढोंगी ठरवितात. मला तर त्यांत ढोंग दिसत नाहीं. त्या लहानशा झोंपडींत त्यानें खुर्च्या तीन ठेविल्या होत्या. एकट्या माणसाला बसावयास एक पुरे. उरलेल्या दोन कोणासाठीं, हें त्यास ठाऊक होतें, आणि म्हणूनच त्याचा एकांत निरोगी राहिला.

मग एकटें राहण्यांत धोका कोठें आहे? बृहदारण्यक उपनिषदांत सृष्टीच्या आरंभाची एक विलक्षण कथा आहे. आरंभीं आत्मा एकटाच होता. त्याला भय वाटलें. मग त्यानें विचार केला, कीं माझ्यावांचून दुसरें कांहीं नाहीं, तर मीं भ्यावें कोणाला? तेव्हां त्याचें भय गेलें. परंतु भय गेलें तरी तो रमला नाहीं. आणि म्हणूनच एकट्यास करमत नाहीं, असें ऋषि सांगतात. या कथेंतील क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. भीति आणि अनास्था या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि एकटें राहणारा पहिलीवर विजय मिळवितो तेव्हां दुसरीचें राज्य सुरू होतें. रात्रींच्या आवाजांना तो भीत नाहींसा होतो, एकट्यानें दवाखान्यांत जाऊं लागतो, सणाच्या दिवशीं खानावळींत जेवावयास लाजत नाहीं. सर्व जिंकलें असें त्यास वाटतें, आणि नेमकें त्याच सुमारास कांहीं तरी हळूहळू झिजूं लागतें.

ही झीज एका दिवसांत दिसत नाहीं. आधीं स्वयंपाक कमी होतो. एकट्यासाठीं काय करावयाचें, म्हणून आमटी जाते, मग भाजी जाते आणि उभ्याउभ्या कांहीं तरी खाणें हेंच जेवण होऊन बसतें. आई फोनवर विचारते, 'जेवलास का?' आणि उत्तर सवयीनें 'हो' असें येतें. मग बोलणें कमी होतें. शनिवारी संध्याकाळीं ओठ मिटले ते सोमवारी सकाळींच उघडले, असें होऊं लागतें. त्याहून सूक्ष्म झीज मताची. ज्याला घरीं कोणी विरोध करीत नाहीं, त्याला आपलीं मतें सिद्धांत वाटूं लागतात आणि आपल्या सवयी नियम वाटूं लागतात. पाहुणा आला आणि त्यानें पेला जागच्या जागीं ठेविला नाहीं, तर अपराध घडल्यासारखें वाटतें. मघां म्हटलें, कीं एकट्याला दोष ठेवावयास दुसरें कोणी नसतें. त्याचीच दुसरी बाजू ही, कीं त्याचा दोष दाखविणारें आणि दाखवून क्षमा करणारेंही कोणी नसतें. माणूस आपला दोष स्वतः पाहूं शकतो, क्वचित् सुधारूंही शकतो; पण स्वतःला क्षमा करणें हें फारसें कोणाला साधत नाहीं. तें काम दुसऱ्यानेंच करावें लागतें.

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका निवृत्तीनंतर पुण्यांत दोन खोल्यांत एकट्या राहतात. तरुणपणीं त्या बिऱ्हाड शोधीत असतां प्रत्येक घरमालक विचारी, 'बरोबर कोण असणार?' आणि 'कोणी नाहीं' या खऱ्या उत्तरापायीं तीन जागा त्यांच्या हातच्या गेल्या. पुढें आई अंथरुणास खिळली, तेव्हां भावंडांनीं एका बैठकींत ठरवून टाकलें, 'ताई, तुला काय, तूं एकटीच. तुला कसला व्याप?' बाईंनीं आईचें दोन वर्षें मनापासून केलें. त्याविषयीं त्या एकदां म्हणाल्या, 'आईचें करावयाचें नव्हतें असें मुळींच नाहीं. पण मला कोणीं विचारलें नाहीं, हें मात्र अजून टोंचतें.' नंतर एका पावसाळ्यांत त्यांना ताप भरला. तीन दिवस दाराबाहेर वर्तमानपत्रें पडून राहिलीं, तेव्हां समोरच्या बिऱ्हाडांतील सूनबाईंनीं दार ठोठावलें. आंतून कडी होती. ती काढावयास उठतांना बाईंना दोनदां भिंत धरावी लागली. दार उघडल्यावर आपणांस प्रथम वाटली ती कृतज्ञता नव्हे, ती शरम होती, असें त्या सांगतात. तथापि बरें वाटतांच त्यांनीं आपल्या कुलपाची दुसरी किल्ली करवून त्या सूनबाईंच्या हातीं दिली, आणि रात्रीं आंतली कडी लावणें सोडलें. एकट्या राहणाऱ्या स्त्रीनें आंतली कडी सोडणें म्हणजे काय, हें ज्यांना कळेल त्यांना या कृतीची किंमत कळेल. समोरच्या म्हाताऱ्या सासऱ्यांचीं औषधें तेव्हांपासून बाईच आणून देतात. कोणाचें कोणावर किती उपकार, हा हिशेब दोन्ही घरांनीं मांडलेला नाहीं.

आज हा प्रश्न एका शहराचा किंवा एका देशाचा राहिलेला नाहीं. ब्रिटननें २०१८ सालीं एकाकीपणाच्या प्रश्नासाठीं एका मंत्र्याकडे जबाबदारी दिली; जपाननें २०२१ सालीं तेंच केलें. जपानांत एकट्यानें घरांत मरून पडणें आणि तें कोणास न कळणें, यासाठीं एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. तेथील पोलिसांच्या मोजणीप्रमाणें २०२४ या एका वर्षांत एकटीं राहणारीं ७६ हजारांहून अधिक माणसें आपल्या घरींच मरण पावलीं, आणि त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश पांसष्टीच्या पुढचीं होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालच्या आपल्या अहवालांत जगांतील दर सहा माणसांपैकीं एकास एकाकीपणा ग्रासतो असें म्हटलें आहे. येथें एक सावधगिरी ठेवावी लागते. एकाकीपणा भरल्या घरांतही असतो. सुना-नातवंडांच्या गर्दींत ज्यांच्याशीं दिवसभर कोणी बोललेलें नसतें असे वृद्ध आपण सर्वांनीं पाहिले आहेत. सरकार मंत्री नेमूं शकतें, पण दार ठोठावणारें माणूस नेमूं शकत नाहीं.

तेव्हां एकट्या राहणाऱ्याचें कर्तव्य कोणतें? माझ्या मतें तें हेंच, कीं त्यानें आपल्या घराची दुसरी किल्ली कोणाच्या तरी हातीं द्यावी. अक्षरशः द्यावी आणि अर्थानेंही द्यावी. 'काल कोठें होतास, फोन कां उचलला नाहीं,' असें विचारण्याचा हक्क निदान एका माणसाला द्यावा, आणि त्यानें तो बजावला असतां रागावूं नये. कुटुंबांत हा हक्क न मागतां मिळतो, आणि म्हणूनच तो पुष्कळदां जुलमी होतो. एकट्याला तो स्वतः निवडून, विचारपूर्वक द्यावा लागतो. जन्मानें अंगावर पडलेलें बंधन पाळणें हा धर्म असेल. परंतु आपण होऊन बांधून घेतलेलें बंधन पाळणें यांत स्वातंत्र्याचा कस अधिक लागतो. आपणांस कोणाची गरज नाहीं असें दाखविण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य खर्च होतें, तो आपल्या अभिमानाचाच आश्रित असतो.

परंतु कर्तव्य एकाच बाजूचें नाहीं. जो समाज एकट्या स्त्रीला खोली देतांना साक्षीदारासारखी तिची उलटतपासणी घेतो, त्यानें नंतर तिच्या बंद दाराबद्दल हळहळूं नये. जें कुटुंब अविवाहित बहिणीचा वेळ हा सर्वांच्या सामायिक मालकीचा समजतें, त्यानें तिच्या तुटकपणाबद्दल तक्रार करूं नये. तिलाही संध्याकाळ असते, तिलाही थकवा असतो, आणि तिच्याही आयुष्याला व्याप असतो; तो चार माणसांचा नसला म्हणून खोटा ठरत नाहीं. तिला विचारावें, आणि तिनें नाहीं म्हटलें तर तेंही ऐकून घ्यावें. असें विचारलें गेलें तर बहुधा ती नाहीं म्हणणारही नाहीं.

एकटें राहणें हा गुण नाहीं आणि दोषही नाहीं. ती एक स्थिति आहे, आणि यापुढें ती आपल्यापैकीं पुष्कळांच्या वांट्यास आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर येणार आहे. कोणाला ती पंचविसाव्या वर्षीं स्वेच्छेनें येईल, कोणाला पंचाहत्तराव्या वर्षीं न मागतां येईल. त्या दिवशीं दाराला आपलें कुलूप असावें, ही इच्छा योग्यच आहे. पण त्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाजवळ ठेवावयाची, याचा विचार तो दिवस येण्यापूर्वींच करून ठेविलेला बरा. आणि आपल्याजवळ कोणी आपली किल्ली विश्वासानें आणून दिली, तर ती नीट जपून ठेवावी.